अंगठ्याखालचा रकाना

पान दोनशे चौदावर पुन्हा तोच अंगठा होता!

मी स्क्रीनकडे बघतच राहिले. कोष्टकाच्या उजव्या कडेला, नेमका शेवटच्या रकान्यावर, एक जाडजूड अंगठा. नखाच्या कडेला वाळलेल्या खळीचा पापुद्रा, सांध्यावर एक जुना आडवा व्रण. आठवड्याभरात हा अंगठा मला सहाव्यांदा दिसत होता. भर गर्दीत भेटला असता तरी मी त्याला ओळखलं असतं. आणि त्याच्याखाली ते आकडे होते, ज्यांच्यासाठी मी चार दिवस वाट बघितली होती...

"बास झालं!" मी मोठ्याने म्हणाले. वाचनकक्षातली चार डोकी वळली. उघडा लॅपटॉप तसाच उचलला आणि तरातरा तळघराच्या पायऱ्या उतरले. ग्रंथालयातल्या जुन्या खंडांचे स्कॅन तिथूनच करून यायचे.

त्या दिवसांत माझं डोकं कुठे होतं, ते आधी सांगायला हवं. आठ वर्षं मी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होते. अर्धांगवायूचा झटका आलेली माणसं माझ्याकडे यायची. पेला कसा उचलायचा, शर्टाचं बटण कसं लावायचं, हे मी त्यांना पुन्हा शिकवायची. मग कुठून दुर्बुद्धी सुचली आणि रजा काढून पुढच्या पदवीला नाव घातलं. पहिल्याच वर्षी गळ्यात पडला हा रिव्ह्यू पेपर. माणूस एखादी वस्तू घ्यायला हात पुढे करतो, तेव्हा त्या हालचालीवर ताबा कोणाचा? हात निघायच्या आधीच मेंदू सगळा रस्ता आखून देतो, की डोळे त्याला वाटेत सांभाळून नेतात? यावर आजवर कोण कोण काय काय म्हणालंय ते सगळं वाचायचं आणि चाळीस पानांत मांडायचं. संदर्भ एकशे बारा. वेळेत दिला नाही तर वर्ष फुकट, आणि इस्पितळातून दुसऱ्यांदा रजा मिळण्याची आशाच नको.

माझ्या गाइड मॅडमना सगळे पाठीमागे 'गॅप मॅडम' म्हणायचे. काहीही लिहून न्या, पहिल्याच पानावर पेन टेकवून त्या विचारायच्या, "हे ठीक आहे. पण यात गॅप कुठाय? आजवर सगळ्यांच्या नजरेतून काय सुटलंय?" घरी गेलं की आत्या. लहानपणापासून तिने मला 'चिडका बिब्बा' हेच नाव ठेवलेलं. "एका पेल्यावर चाळीस पानं?" ती म्हणायची. "अगं, तहान लागली की उचलतो माणूस!"

तर असं सगळं डोक्यात घेऊन मी तळघराचं दार ढकललं.

आत खळीचा आणि जुन्या कागदाचा वास होता. भिंतीला लागून सुटी पानं, पुठ्ठे, दोऱ्याची रिळं. मधल्या लांब टेबलापाशी तिशी-पस्तिशीचा एक माणूस जाड खंडाची शिवण उसवत बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. तोच अंगठा.

"हा तुमचाच ना?" मी लॅपटॉप त्याच्यासमोर धरला.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. "हो. पण बरा आलाय."

"बरा आलाय? मला याच्या खालचे आकडे हवेत!"

"जुने खंड शिवणीचे असतात," तो शांतपणे म्हणाला. "काचेवर पालथे टाकून दाबले की कणा मोडतो. म्हणून उघडे धरून वरून फोटो घ्यायचे. धरायला अंगठा लागतो. आणि मोडक्या कण्याचं मी तुम्हाला काय सांगायचं? अर्जावर तुम्ही फिजिओथेरपिस्ट लिहिलंय."

"अंगठा जरा बाजूला नाही ठेवता येत?"

"बाजूला मजकूर आहे. शेवटच्या रकान्यात नवीन काही नाही. तेच आकडे खाली दुसऱ्या परिच्छेदात आलेत."

मी पाहिलं. आले होते. माझा राग आणखीच वाढला.

"तुम्ही... हे वाचता?"

"पान सरळ आलंय का ते बघायला वाचावं लागतं ना," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. हसला म्हणजे फक्त डोळ्यांच्या कडा जरा हलल्या. "एक विचारू? हाताला कसं कळतं हो, बोटं किती उघडायची ते?"

"मला वेळ नाहीये," असं म्हणून मी वर आले.

दुसऱ्या दिवशी स्कॅन आले, सोबत एक ओळ. 'पान एकतीसची तळटीप बघा. मुख्य मजकुरात म्हणतो त्याच्या उलट आहे.' तिसऱ्या दिवशी : 'या माणसाने आणि परवाच्या माणसाने एकाच गोष्टीला दोन नावं दिलीत. की मला कळलं नाही?' कळलं होतं. अगदी बरोबर कळलं होतं! मला ते समजायला तीन आठवडे लागले होते. हे लोक एकमेकांचे शब्द वापरायला तयारच नसत. एकाचा 'आराखडा' तो दुसऱ्याचा 'कार्यक्रम', तिसऱ्याचं आणखीच काही.

चौथ्या दिवशी मी खाली गेले ते त्याला 'टिपा पाठवू नका' असं सांगायला. गेले आणि तासभर बसले.

"तुम्हाला उत्तर हवं होतं ना? उचला," खळीचा डबा त्याच्यासमोर ठेवत मी म्हणाले. त्याने हात पुढे केला. "थांबा! तिथेच थांबा. हात अजून वाटेत आहे. बोटं बघा, आधीच उघडलीत. डब्यापेक्षा जरा जास्तच. त्यांना कोणी सांगितलं?"

तो आपल्या बोटांकडे असा बघत राहिला, जणू ती आजच मिळाली होती. "अरेच्चा..."

"आता हात मागे घ्या. पुन्हा उचला." या वेळी त्याचा हात निघाला आणि मी झटकन डबा सरकवला. हात वळला, आणि डबा त्याच्या मुठीत आला. डब्याबरोबर माझी दोन बोटंही.  वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता.

"वळला," तो म्हणाला.

"वळायला नको होता," मी बोटं सोडवून घेतली. "एकदा निघालेला हात पहिल्या टप्प्यात वळत नाही. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या एका पेपरात सिद्ध झालंय. तुम्ही अपवाद."

"मी कशाला अपवाद? आमच्या घरात सगळे साधेच आहेत."

मला हसू आलं. फार दिवसांनी आलं, म्हणून त्याचाही राग आला.

"मघाशी डब्याचं जे सांगितलंत," निघताना तो म्हणाला, "तेच लिहा ना. लगेच समजलं."

"असं लिहीत नाहीत."

"का?"

याचं उत्तर मी जिना चढताना शोधत होते. सापडलं नाही. त्या संध्याकाळी मी दुसरं प्रकरण खोडून पुन्हा लिहिलं, त्याच्याशी बोलल्यासारखं. एका बैठकीत झालं. आत्या म्हणाली, "आज बिब्बा गुणगुणतोय की काय?" मी म्हटलं, पंख्याचा आवाज असेल.

मग रोजच जाणं सुरू झालं. कधी अर्ज द्यायला, कधी अर्ज का रखडला म्हणून भांडायला. हा माणूस कशाचीही घाई करायचा नाही. मी धापा टाकत काहीतरी विचारावं, तर तो आधी सुईत दोरा ओवणार, दोऱ्याला मेण लावणार, मग "हं, काय म्हणत होतात?" माझा जीव मेटाकुटीला यायचा. आणि तरी, तो दोरा ओढून घट्ट करताना त्याचं मनगट कसं वळतं, हे मी बघत बसायची. धंद्याची सवय, असं मी स्वतःला समजवायची.

पेपर द्यायला नऊ दिवस उरले होते. सगळं जमत आलं होतं. तिसरं प्रकरण, अकरा पानांचं, त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या पेपरावर उभं होतं. चौतीस जणांनी त्याचा आधार घेतला होता, खुद्द मॅडमनीही. मूळ पेपर मात्र मी पाहिलेला नव्हता. तो कुठेच मिळत नव्हता. शेवटी दुसऱ्या एका ग्रंथालयातून त्याची जीर्ण प्रत आली, पानं सुटलेली, आणि आधी डागडुजीला तळघरात गेली.

दुपारी तो स्वतः वर आला. वाचनकक्षात मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. खालच्या मंद उजेडातून आल्यामुळे डोळे बारीक झालेले, बाही दुमडलेली. माझ्या टेबलाशी उभा राहून तो हळूच म्हणाला, "तुमचा हा माणूस तसं म्हणतच नाही."

"कोण माणूस? काय म्हणत नाही?"

"हात वळत नाही, असं. अकरा जणांवर प्रयोग केला होता. त्यातल्या चौघांचे हात सुरुवातीलाच वळले. सूचना पाळल्या नाहीत म्हणून त्या चौघांना सरासरीतून वगळलं. आणि तळटिपेत तो स्वतःच लिहितो, यावरून पक्का निष्कर्ष काढू नये."

 अकरा पानं. नऊ दिवस. "तुम्हाला नीट कळलं नसेल."

"तीनदा वाचलं."

"चौतीस जण चुकले आणि तुम्ही एकटे बरोबर?" माझा आवाज चढला. सगळे बघायला लागले, पण मला थांबता येईना. "हे बघा, तुम्ही पुस्तकं शिवा. वाचायचं काम आमचं आहे."

 त्याने पानं टेबलावर ठेवली, कडा सारख्या केल्या, आणि तो गेला. इतक्या हळू गेला की मला त्याला हाक मारायला भरपूर वेळ होता. मी मारली नाही.

दोन दिवस मी त्या पानांना हात लावला नाही. त्या दोन दिवसांत मागवलेले आणखी तीन पेपर आले. स्वच्छ, लखलखीत स्कॅन. कुठेही अंगठा नाही. सोबत एकही ओळ नाही. पाच आठवडे मी हेच तर मागत होते! मी पानामागून पान सरकवत गेले, पुन्हा मागे आले, आणि अचानक मला रडूच फुटलं. एका कोष्टकासमोर! आत्या धावत आली. "काय झालं गं?"

"सगळे आकडे दिसतायत," मी हुंदके देत म्हणाले. आत्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

मग मी ती जीर्ण पानं काढली. सुटलेल्या कडांना त्याने पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या होत्या, इतक्या नेटक्या की बोट फिरवल्यावरच कळावं. तळटीप वाचली. पुन्हा वाचली. तो म्हणाला होता ते शब्दशः खरं होतं. चौतीस जणांनी एकमेकांचं वाचून लिहिलं होतं, मूळ पेपर उघडण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. मीही पस्तिसावी होणार होते.

सकाळी ती पानं घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी पानं वाचली आणि चष्मा काढला.

"माझ्या पेपरात मी हेच उलट लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मला तेव्हा मूळ प्रत मिळाली नव्हती. शोधलीही नाही फारशी." पानं पुन्हा चाळत त्या म्हणाल्या, "कोणी काढलं हे? तू?"

इथे 'हो' म्हणणं किती सोपं होतं! "नाही. खाली बाइंडिंग करतात ना, त्यांनी."

"हं." चष्मा पुन्हा डोळ्यांवर गेला. "मग ही तुझी गॅप. माझं नाव घालून स्पष्ट लिही, की मीही चुकले. आणि तारीख पुढे जाणार नाही. बघतेस काय? सहा दिवस आहेत."

मी तिथून थेट तळघरात गेले. तो दोऱ्याला मेण लावत होता. त्याच्या शेजारी, खंडाच्या पानावर, अंगठ्याऐवजी एक जाड काच ठेवलेली होती. स्कॅन स्वच्छ का येतात ते कळलं.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले. "आणि मी जे बोलले ते... तसं बोलायला नको होतं. पण तुम्हीसुद्धा! नऊ दिवस राहिले असताना कोणी असं काही शोधून काढतं का? आणि दोन दिवस गप्प बसायचं? एक ओळसुद्धा नाही?"

"तुम्ही माफी मागताय की भांडताय?"

"दोन्ही! वेळ कुठाय वेगवेगळं करायला?"

त्याने दोरा खाली ठेवला. "मला वाईट वाटलं होतं," तो म्हणाला. साधं, सरळ. "मी शाळेनंतर शिकलो नाही. सगळं इथेच वाचलं, दुरुस्त करता करता. कोणी म्हणालं की 'तू शिव', तर मला राग येत नाही. तुम्ही म्हणालात तेव्हा आला."

  मग त्याने स्टूल पुढे सरकवलं. "अकरा पानं ना? वाचून दाखवा. कुठे काय पाडायचं ते बघू."

ते सहा दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. मी लिहायची, जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन वाचून दाखवायची. तो "हे कळलं नाही" म्हणायचा. मी चिडायची, "कसं कळलं नाही? सरळ तर आहे!" मग परत लिहायची, आणि ते खरंच सरळ व्हायचं. एकदा मी कागद भिरकावून दिले. त्याने ते गोळा केले, क्रमाने लावले, म्हणाला, "पान सात सापडत नाहीये. रागात कुठल्या बाजूला फेकलंत?"

शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता पेपर पाठवून दिला. पोच आली. मी उठले आणि तळघरात गेले. छापलेली प्रत त्याच्यासमोर ठेवली. "झालं एकदाचं."

"बसा. चहा सांगू?"

"चहा नको. मला फक्त..." पुढे काय म्हणाले ते आठवत नाही. टेबलावर डोकं टेकलं तेवढं आठवतं.

जाग आली तेव्हा उजेड तिरपा झाला होता. गालाखाली त्याचा रुमाल होता, घडी केलेला. आणि माझा हात त्याच्या बाहीवर. नुसता ठेवलेला नव्हे, बाही मुठीत घट्ट धरलेली. तो माझ्या शेजारी तसाच बसला होता. समोरच्या वाटीत खळ वाळून पापडासारखी झाली होती.

मी दचकून हात काढला. "किती वाजले?"

"साडेचार."

"साडेतीन तास! उठवायचं ना! तुमचं काम होतं..."

"खळ वाया गेली फक्त. पुन्हा शिजवता येते."

"एका हाताने बसून राहिलात? साडेतीन तास केलंत काय?"

"तुमचा पेपर वाचला," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "छान झालाय. खरंच... फक्त एक आहे. सत्तेचाळीस नंबरचा संदर्भ दोनदा आलाय. पुढे एकाहत्तरला तोच आहे."

मी प्रत ओढून घेतली. सत्तेचाळीस. एकाहत्तर. तोच! पेपर तर गेला होता. मी कपाळावर हात मारला. "हे तुम्ही काल नाही सांगितलंत? आज, पाठवल्यावर सांगताय? म्हणजे लग्न झाल्यावर मी रोज हेच ऐकायचं का?"

त्याच्या कोपराचा धक्का लागून दोऱ्याचं रीळ टेबलावरून घरंगळलं.

"लग्नाचं," तो अगदी सावकाश म्हणाला, "मी अजून बोललो नव्हतो."

माझे कान तापले. आता माघार घेणं शक्य नव्हतं, आणि जिना लांब होता. "मग बोला की! सहा आठवडे झाले. तुम्हाला दोरा ओवायलाच दहा मिनिटं लागतात, मी किती थांबायचं?"

"मी ठरवलं होतं... तुमच्या पेपराचा निकाल लागला की बोलायचं."

"निकालाला तीन महिने लागतात!"

"हो. म्हणून जरा काळजीतच होतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तो माणूस, ज्याचा सुईवरचा हात कधी हलायचा नाही, टेबलाची कड धरून बसला होता.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "चिडता तेव्हाही. म्हणजे... जवळजवळ कायमच. तुम्ही पायऱ्या उतरायला लागलात की मला आवाजावरून कळतं, आज कोणाची खैर नाही. आणि मी आधीच स्टूल पुसून ठेवतो."

  मी म्हणाले, "रविवारी घरी या. आत्या आहे. ती तुम्हाला हजार प्रश्न विचारेल, आणि तुम्ही प्रत्येकाला विचार करून उत्तर द्याल, आणि मी मधल्या मध्ये वेडी होईन."

"येतो," तो म्हणाला. "पण एक विचारायचं होतं."

"आता काय?"

"अगं म्हटलं तर चालेल?"

"विचारतोयस काय," मी वैतागून म्हणाले, "म्हण ना!"